‘सूत्रं’ कुणाची, ते आधी विचारा

प्रश्न : सर, फ्रेंच फुटबॉलपटू एम्बापे पॅरिसचा क्लब सोडून स्पेनच्या रियाल माद्रिदला चालला, हे मी 2021 पासून वाचत होतो. तो गेला 2024 मध्ये. मधली तीन वर्षं वर्तमानपत्रं नुसत्या पुड्या सोडत होती का? आमच्या कट्ट्यावर यावरून अबोले झालेत.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सगळ्याच पुड्या नव्हत्या, घोळ तिथेच आहे. ऑगस्ट 2021 मध्ये माद्रिदने खरोखर बोली लावली होती. साधारण 16 कोटी युरोंची. त्याचा क्लब पॅरिस सँ-जर्मांचे तेव्हाचे क्रीडा संचालक लिओनार्दो यांनी ती आल्याचं उघड सांगितलं आणि धुडकावलीही. एम्बापेचा करार संपायला तेव्हा वर्षही उरलं नव्हतं. म्हणजे बातमी खरी, फक्त सौदा झाला नाही.

मी क्रीडा पानावर रात्रपाळी केली आहे. पान सोडायची वेळ झालेली, एजन्सीची कॉपी समोर आणि तिच्यात ‘सूत्रांच्या माहितीनुसार’. अशा वेळी मी स्वतःला विचारायचो : हे आजच छापून यावं, अशी कुणाची इच्छा आहे? विकणाऱ्या क्लबला दुसरं गिऱ्हाईक उभं करायचं असतं, एजंटला पगाराचा आकडा फुगवायचा असतो आणि घेणाऱ्याला आपल्या चाहत्यांना दाखवायचं असतं की आम्ही हातावर हात ठेवून बसलेलो नाही. ‘मार्का’ आणि ‘आस’ ही माद्रिदची दैनिकं, ‘स्पोर्ट’ आणि ‘मुंदो देपोर्तिवो’ बार्सिलोनाची. एकाच खेळाडूबद्दल दोन्हीकडचे मथळे शेजारी ठेवून बघा, करमणूक होईल. तुमच्याकडे केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या) नोंदणीआधी कोण कोणत्या पेठेच्या संघात चाललाय, याची कुजबुज होतेच. पण तिथे बोलणारा कुठल्या तालमीचा, हे तुम्हाला ठाऊक असतं. पॅरिसच्या सूत्राची तालीम कोण सांगणार?

आता गंमत ऐका. 21 मे 2022 रोजी पॅरिसच्या पार्क दे प्रँस मैदानावर क्लबचे अध्यक्ष नासिर अल-खेलैफी आणि एम्बापे ‘2025’ छापलेली जर्सी धरून उभे राहिले. सगळ्या जगाने मुक्काम 2025 पर्यंत असं छापलं. छापणाऱ्यांना दोष कसा देणार, जर्सीवरच लिहिलं होतं! प्रत्यक्षात करार दोन वर्षांचा होता आणि तिसरं वर्ष घ्यायचं की नाही, हे खेळाडूच्या हातात होतं. जून 2023 मध्ये ते वर्ष घेणार नसल्याचं त्याचं पत्र बाहेर आलं, तेव्हा सगळ्यांना उलगडा झाला. त्याच उन्हाळ्यात माद्रिदला जायचं असल्याची एक बातमी त्याने समाजमाध्यमावर ‘खोटं’ म्हणून उडवून लावली. ती बातमी खरोखरच खोटी ठरली, तो आणखी एक हंगाम पॅरिसलाच खेळला.

क्लबने मात्र त्याला जपान दौऱ्यातून वगळलं. सौदीच्या अल-हिलालने 30 कोटी युरो देऊ केले. पॅरिसने बोलणी करायला परवानगी दिली, पठ्ठ्या त्यांना भेटलाच नाही. का भेटावं? जून 2024 ला करार संपला की 1995 च्या बॉसमन निकालामुळे (करार संपलेल्या खेळाडूसाठी जुन्या क्लबला बदलीची रक्कम मागता येत नाही, असा युरोपीय न्यायालयाचा निकाल) तो मोकळा होणार होता, आणि शेवटच्या सहा महिन्यांत परदेशी क्लबशी आधीच करार करायची मुभाही होती. झालंही तसंच. 3 जूनला माद्रिदने घोषणा केली आणि पॅरिसला बदलीची एक दमडी मिळाली नाही. हे सारं कळायला सूत्र नको होतं, कराराची खरी मुदत पुरेशी होती. पण तीच लपलेली होती.

कट्ट्यावरचे अबोले सोडा. दोन्ही बाजूंनी वाचलेलं बरंचसं बरोबर होतं.

प्रश्न : खेळाडूंच्या बदल्यांच्या बातम्या देणारा इटालियन पत्रकार फाब्रित्सियो रोमानो ‘हिअर वी गो’ म्हणाला की पक्कं धरायचं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुतेकदा हो. पण तो हे म्हणतो तेव्हा बोलणी आटोपलेली असतात. त्याआधीच्या ‘उत्सुक’, ‘नजर ठेवून’, ‘संपर्कात’ या शब्दांवर चहाचीसुद्धा पैज लावू नका.

प्रश्न : फॅक्स मशीन बिघडल्यामुळे मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक दाविद दे गेआ माद्रिदला जाऊ शकला नाही, हे खरं का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : फॅक्सची कथा लोकांना फार आवडली, पण ती कथाच आहे. 31 ऑगस्ट 2015 च्या रात्री मँचेस्टर युनायटेड आणि रियालची कागदपत्रं फिफाच्या संगणकीय यंत्रणेतून जायची होती. ती मध्यरात्रीच्या मुदतीत पोचली नाहीत. उशीर कुणी केला, यावर दोन्ही क्लबांनी लांबलचक पत्रकं काढून एकमेकांकडे बोट दाखवलं. दे गेआने त्याच सप्टेंबरात युनायटेडशी नवा करार केला. या सौद्यात मँचेस्टरला जाणारा रियालचा गोलरक्षक केलोर नवास माद्रिदलाच राहिला आणि 2016 ते 2018 अशा सलग तीन चॅम्पियन्स लीग जिंकला. त्या रात्री सगळ्यांत वैतागलेला माणूस तोच असेल, असं मला उगाच वाटत राहतं.