राउटर समोर आला आणि हात थांबले

प्रश्न : मॅडम, मी उदगीरची. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झाल्यावर पुण्यात तीन महिन्यांचा नेटवर्किंगचा क्लास केला. कमांड सगळ्या पाठ आहेत. गेल्या महिन्यात एका कंपनीत मुलाखत झाली, तोंडी प्रश्न छान गेले. मग त्यांनी टेबलावर सिस्को कंपनीचा एक राउटर, निळी केबल आणि लॅपटॉप ठेवला आणि म्हणाले, "वीस माणसांचं ऑफिस आहे. अर्ध्या तासात चालू करून दाखव." राउटर सुरू होताच स्क्रीनवर यस की नो असं काहीतरी आलं, मी यस लिहिलं. मग तो एकामागून एक विचारतच सुटला, मला बाहेर पडता येईना. कशीबशी सुटले, आयपी पत्ता दिला, तर पिंग (पलीकडून उत्तर येतं का बघायची हाक) जाईना. वेळ संपली. आता बाबा म्हणतात, रात्रपाळीचं काम मुलीला नको, एमपीएससीचा अभ्यास कर. क्लासवाले म्हणतात, आणखी चाळीस हजारांचा कोर्स कर, नोकरीची हमी. मी या क्षेत्रासाठी नाहीच का?

उत्तर : तुझं पत्र वाचून आधी हसू आलं. तुझ्यावर नव्हे, त्या यस-नोवर. कोऱ्या राउटरने विचारलेल्या त्या पहिल्या प्रश्नाला यस म्हणून फसलेली माणसं मी मोजायची सोडून दिली आहेत. तो विचारतो, सुरुवातीची मांडणी प्रश्नोत्तरांनी करायची का? काम करणारी माणसं तिथे नो लिहितात आणि थेट आत जातात. आणि यस गेलंच, तर सुटका कशी करायची हे तो स्वतःच पुढच्या चार ओळींत सांगतो : कोणत्याही प्रश्नावर कंट्रोल आणि सी दाबा. तू ती ओळ वाचली नाहीस, कारण सिम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या नकली राउटरवर, सराव करताना स्क्रीन वाचायची वेळच येत नाही. पाठ केलेली पुढची कमांड बोटांवर तयार असते. इथेच घोडं पेंड खातं.

पण मला वाटतं, तुझी मुलाखत त्याच्याही आधी हातची गेली. "वीस माणसांचं ऑफिस" एवढं ऐकून तू सरळ केबल जोडलीस. एकही प्रश्न विचारला नाहीस. मी स्वतः बारा वर्षं नेटवर्कमध्ये काढली, त्यातली काही वर्षं मुलाखती घेण्यात. समोरचा उमेदवार कीबोर्डला हात लावायच्या आधी काय विचारतो, याकडे माझं निम्मं लक्ष असायचं. इंटरनेट कसं येतंय, लीज्ड लाइनवर (कंपनीपुरत्या भाड्याच्या जोडणीवर) ठरलेला आयपी आहे की युजरनेम-पासवर्डची पीपीपीओई जोडणी? माणसं वीस, पण उपकरणं किती? प्रत्येकाचा लॅपटॉप, खिशातला मोबाइल, दोन प्रिंटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, म्हणजे चाळीसच्या पुढे गेलीच. मुख्य ऑफिसशी व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटमधूनच पण कुलूपबंद वाटेने, जोडायचंय का? जोडायचं असेल तर तिथे पत्त्यांची कोणती रेंज वापरली आहे?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर पुढचं सगळं वाळूवर. खासगी, म्हणजे फक्त आतल्या नेटवर्कमध्ये चालणाऱ्या, पत्त्यांच्या तीन रेंज १९९६ पासून ठरलेल्या आहेत : १० ने सुरू होणारी, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतची, आणि १९२.१६८ ची. एवढी मोठी मोकळी जमीन असताना नवशिका हमखास १९२.१६८.१.० च घेतो. पुष्कळदा इंटरनेटवाल्याने भिंतीवर लावलेला फायबरचा डबाही तीच रेंज वाटत असतो. मग राउटरच्या बाहेरच्या आणि आतल्या पोर्टला एकच गल्ली होते आणि सिस्को 'ओव्हरलॅप' म्हणत पत्ता नाकारतो. म्हणून आतल्या बाजूला १९२.१६८.१०.० घे, १०.२०.३०.० घे, काहीही घे, पण विचारून घे.

आता हाताचं काम. निळ्या केबलचं एक टोक कन्सोल पोर्टमध्ये, दुसरं यूएसबी कन्व्हर्टरमधून लॅपटॉपला. लॅपटॉपवरच्या पुट्टी या प्रोग्रॅममध्ये सिरियल निवडून वेग ९६००. स्क्रीनवर कचरा अक्षरं दिसली तर वेग चुकलाय, राउटर बिघडलेला नाही. आत गेल्यावर एनेबल, मग कॉन्फिगर टर्मिनल. हे तुला येतं. मला विचारायचंय ते वेगळं : पहिलं काम राउटरला नाव देण्याचं का? क्लासमध्ये सांगतात, 'ओळखायला सोपं जातं.' बरोबर, पण अर्धंच. दुरून सुरक्षित लॉगिनसाठी एसएसएच लागतं, एसएसएचला आरएसए किल्ली लागते, आणि किल्ली करायला गेलीस तर राउटर अडून बसतो : आधी 'राउटर' सोडून दुसरं नाव दे, मग डोमेनचं नाव दे. म्हणजे नाव, डोमेन, युजर, किल्ली, आणि मग व्हीटीवाय लाइनवर, म्हणजे दुरून आत यायच्या दारावर, फक्त एसएसएचला परवानगी. हा क्रम का, हे ज्याला माहीत आहे त्याला तो पाठ करावा लागत नाही.

प्रत्येक ओळीला असंच विचार : ही नसती तर काय मोडलं असतं? 'नो आयपी डोमेन लुकअप' नसेल तर कमांड लिहिताना एक अक्षर चुकलं की राउटर त्या चुकीच्या शब्दाला कुठल्यातरी मशीनचं नाव समजतो आणि ते शोधत बसतो. तू घामाघूम, समोरचा घड्याळाकडे बघतोय. डीएचसीपीत, म्हणजे पत्ते आपोआप वाटण्याच्या सोयीत, सुरुवातीचे वीसेक पत्ते राखून ठेवले नाहीत, तर प्रिंटरला हाताने दिलेला पत्ता एखाद्या दिवशी कुणाच्यातरी मोबाइललाही मिळतो आणि प्रिंट निघेनाशा होतात. बाहेरचा डीफॉल्ट रूट नसेल तर राउटरला गल्लीबाहेरचं जगच माहीत नाही.

आणि तुझं पिंग? तू लिहिलेलं नाहीस, पण मी पैज लावते, 'नो शटडाउन' ही पोर्ट चालू करायची ओळ राहिली. सिस्कोच्या राउटरचे पोर्ट मुळात बंद असतात, नेटवर्क स्विचचे चालू. सवय स्विचची असेल तर हटकून चुकतं. 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' मारलं असतंस तर त्या पोर्टसमोर 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन' असं स्वच्छ दिसलं असतं, म्हणजे माणसाने बंद ठेवलंय. तिथे नुसतं 'डाउन' असेल तर केबल बघायची. एका शब्दाचा फरक, पण पहिल्यात दोष तुझा, दुसऱ्यात केबलचा किंवा पलीकडच्या टोकाचा.

पिंग न गेल्यावर तू काय केलंस, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बहुतेक जण तेच पिंग पुन्हा पुन्हा मारतात. घराची वीज गेली की आपण आधी शेजाऱ्याकडे बघतो, मग मीटरकडे, तसंच इथे. कॉम्प्युटरवरून राउटरचा आतला पत्ता लागतो का? लागला, तर राउटरवरून इंटरनेटवाल्याच्या बाजूचा पत्ता. तो लागला तर ८.८.८.८, म्हणजे इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता. राउटरवरून ८.८.८.८ लागतंय पण कॉम्प्युटरवरून लागत नाही, तर बोट सरळ नॅटवर, म्हणजे आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणाऱ्या सोयीवर, ठेवायचं. कुठल्यातरी पोर्टवर 'इनसाइड' किंवा 'आउटसाइड' लिहायचं राहिलंय, नाहीतर अ‍ॅक्सेस लिस्टमध्ये (कुणाला वाट द्यायची त्या यादीत) रेंज चुकली आहे. आणि पत्ते लागतायत पण नावाने साइट उघडत नाही, तर डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारी सोय. हे बोलत बोलत केलंस ना, तर शेवटी पिंग गेलं नाही तरी मी तुला घेतलं असतं. जाता जाता : राउटरवरच्या पहिल्या पिंगमध्ये पुष्कळदा एक टिंब (उत्तर नाही) आणि मग चार उद्गारचिन्हं (उत्तर आलं) येतात. पहिलं पॅकेट पलीकडचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा स्वतःचा पत्ता, शोधण्यात जातं. तो दोष नव्हे, घाबरू नकोस.

शेवटी सेव्ह. तू लिहिलेलं सगळं रनिंग कॉन्फिगमध्ये, म्हणजे रॅममध्ये असतं. स्टार्टअप कॉन्फिगमध्ये कॉपी केलं नाही तर पहिल्या भारनियमनाला पाटी कोरी. पण याच गोष्टीने एकदा माझी अब्रूही वाचवली आहे. पुण्यात बसून सोलापूरच्या एका शाखेच्या राउटरवर अ‍ॅक्सेस लिस्ट लावत होते, शनिवारी संध्याकाळी. यादीच्या शेवटी न लिहिलेलं 'बाकी सगळं बंद' असतंच, आणि मी स्वतःचाच पत्ता परवानगीत घालायला विसरले. एंटर दाबलं आणि स्क्रीन गोठली. मीच माझ्या तोंडावर दार लावलं होतं. शाखेत फक्त शिपाईमामा. त्यांना फोनवर म्हटलं, "दिवे लुकलुकतायत तो डबा बंद करून चालू करा." त्यांनी कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर बंद केला. मग इंटरनेटचा डबा. तिसऱ्या खेपेला राउटर सापडला. सेव्ह केलेलं नव्हतं म्हणून जुनी मांडणी परत आली आणि मी श्वास सोडला. त्या दिवसापासून दूरच्या राउटरला हात लावायच्या आधी 'रिलोड इन १०' देते. दहा मिनिटांत मी 'रिलोड कॅन्सल' म्हटलं नाही, तर तो आपोआप रीस्टार्ट होतो आणि मला आत घेतो. मुलाखतीत हे सहज बोललीस तर समोरचा खुर्चीत सावरून बसेल, कारण त्याचेही एखादे शिपाईमामा असणारच.

आणखी एक गोष्ट क्लासमध्ये क्वचित शिकवतात : घड्याळ. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांची वेळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या टाइम सर्व्हरशी जुळलेली ठेवायची आहे, लॉग (यंत्रणेच्या नोंदी) १८० दिवस जपायचे आहेत आणि ठरावीक सायबर घटना सहा तासांत कळवायच्या आहेत. राउटरचं घड्याळ १९९३ दाखवत असेल तर त्या लॉगला काय अर्थ? एनटीपी (वेळ जुळवण्याची सोय) आणि टाइमझोनच्या दोन-तीन ओळी आहेत. न सांगता टाकल्यास तर उठून दिसशील.

आता पैशांचं. चाळीस हजार देऊ नकोस. 'नोकरीची हमी' लिहून मागितलीस की बहुतेकांची भाषा बदलते, विचारून बघ. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे सिम्युलेटर त्यांच्या नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवून फुकट मिळतं, ते तुझ्याकडे असेलच. तुला कमी आहे ती खऱ्या लोखंडाची सवय. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन जुन्या बाजारात सिस्को १८४१ सारखे निवृत्त राउटर मिळतात. घेण्याआधी 'शो व्हर्जन'मध्ये सॉफ्टवेअरच्या फाइलच्या नावात 'के९' आहे का बघ, नसेल तर त्यावर एसएसएच चालणार नाही. आधीच्या मालकाचा पासवर्ड राहिलेला असेल तर वैतागू नकोस. रॉममॉनमध्ये, म्हणजे राउटर सुरू होतानाच्या दुरुस्तीच्या खोलीत, जाऊन रजिस्टर ०x२१४२ करायचं, आत गेल्यावर नवा पासवर्ड लावायचा आणि ते परत ०x२१०२ वर आणायचं. हा धडा फुकटात मिळाला म्हण.

सिस्कोची सीसीएनए परीक्षा द्यावीस, पण सहा महिन्यांनी. फी ३०० डॉलर आणि वर कर, प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, पेपर १२० मिनिटांचा. २०२० पासून एकच पेपर आहे आणि त्यात सुरक्षा आणि ऑटोमेशनही आलंय. नापास झालीस तर फी पुन्हा भरावी लागते, म्हणून घाई नको.

तोवर उदगीरमध्येच एक काम कर. गावात केबल-इंटरनेटवाले असतीलच. अशा अनेकांकडे लॅटव्हियाच्या मायक्रोटिक कंपनीचे राउटर असतात. त्यांची भाषा वेगळी, सुरुवातीचा पत्ता १९२.१६८.८८.१, विनबॉक्स नावाच्या खिडकीतून काम चालतं. पण पत्ता, रूट, नॅट, डीएचसीपी हे सगळं तेच. त्यांच्याकडे महिनाभर बिनपगारी का होईना, हाताखाली काम माग. कारखान्यातून आलेले पासवर्ड किती ठिकाणी तसेच आहेत तेही दिसेल. २०१६ साली मिराय नावाच्या बॉटनेटने, म्हणजे ताब्यातल्या उपकरणांच्या फौजेने, अशाच न बदललेल्या पासवर्डांवर कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.

बाबांना सांग, त्यांची काळजी खोटी नाही. नवख्यांच्या नोकऱ्या दोन प्रकारच्या असतात : एनओसीमध्ये, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात, बसून अलार्म बघायचे, तिथे फिरती पाळी असते. किंवा फील्ड इंजिनिअर, तिथे शाखाशाखांतून फिरणं, पण बहुतेक दिवसाउजेडी. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, आणि सुरक्षितता व घरी पोहोचवण्याची सोय मालकाने करायची. मुलाखतीत गाडीचं विचारायला लाजू नकोस. एमपीएससी करायची तर तिची ओढ असेल म्हणून कर. एका राउटरने घाबरवलं म्हणून नको, तिथला गठ्ठाही काही लहान नाही.

महिन्याभरात राउटर मिळाला की वीस माणसांच्या त्याच ऑफिसची मांडणी कोऱ्यापासून करून 'शो रनिंग कॉन्फिग'चा मजकूर मला मेल कर. प्रत्येक ओळीसमोर मराठीत लिही, ही नसती तर काय झालं असतं. पाठवण्याआधी पासवर्डच्या ओळी मात्र काढ. ज्यांच्यापुढे ७ चा आकडा असतो ते पासवर्ड कुणीही काही सेकंदांत उलगडतं.