सेव्हियातल्या गरिबांच्या हॉस्पिटलात सोन्यानं मढवलेलं चर्च कशाला?

तुम्ही विचारलंय की स्पेनमधल्या सेव्हियात तीनच दिवस आहेत, कॅथेड्रल आणि अल्काझार (जुना राजवाडा) तर बघणारच, मग हॉस्पिटल दे ला कारिदादला वेळ द्यावा का, आणि गरिबांच्या हॉस्पिटलात एवढं सोन्यानं मढवलेलं चर्च कशासाठी. वेळ द्याच, निदान दीड तास. दुसऱ्या प्रश्नाला मात्र जरा मागून सुरुवात करावी लागेल, कारण मी दोन वर्षं तिथे राहत होते आणि पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्याही मनात हेच आलं होतं, की हा पैसा औषधपाण्याला लावला असता तर. चार-पाच फेऱ्या झाल्यावर माझं मत पार बदललं. आता मला ते चर्च म्हणजे भिंतीवर लावलेली कामाची यादी वाटते.

झालं असं, की सतराव्या शतकात सेव्हिया म्हणजे अमेरिकेतून येणाऱ्या चांदीचं बंदर, आणि १६४९ च्या प्लेगमध्ये शहराची जवळजवळ निम्मी वस्ती गेली. बेवारस प्रेतं, उपाशी माणसं, सगळीकडे. कारिदाद नावाचा बंधुसंघ (कारिदाद म्हणजे दया, दानधर्म) त्याच्या आधीपासून होता आणि त्यांचं काम एकच, फाशी दिलेल्यांना आणि ग्वादाल्किविर नदीत बुडून मेलेल्यांना, ज्यांचं कोणी नाही त्यांना मूठमाती द्यायची. १६६१ मध्ये मिगेल मान्यारा नावाच्या एका श्रीमंत व्यापारी घराण्यातल्या माणसाची बायको वारली, तो पार खचला, पुढच्या वर्षी या संघात आला आणि १६६३ च्या अखेरीस त्याचा प्रमुख झाला. (हाच खरा डॉन हुआन, म्हणजे गोष्टीतला तो बायकांना फसवणारा, असं गाईड लोक सांगतात, ते सोडून द्या, डॉन हुआनची गोष्ट नाटकात आली तेव्हा हा लहान मूल होता.) त्यानं म्हटलं नुसतं पुरून भागणार नाही, जिवंत आहेत त्यांचं काय? मग आधी रस्त्यावरच्यांसाठी रात्रीचा निवारा, मग ज्यांना दुसरं कुठलंच हॉस्पिटल घेत नाही अशा बरं न होणाऱ्या रोग्यांसाठी वॉर्ड. रोग्यांना तो 'आमचे धनी' म्हणायचा. मला हा शब्द फार आवडतो, कारण आपल्याकडे धर्मादाय म्हटलं की देणारा वर आणि घेणारा खाली असतो, इथे उलटं होतं, संघातल्या सरदार-सावकारांनी स्वतः रोग्याला उचलून आणायचं.

जागा कुठली तर जहाजांचा जुना कारखाना, राजा आल्फोन्सो दहाव्यानं १२५२ मध्ये बांधलेला, विटांच्या मोठमोठ्या कमानींचे लांबच लांब १७ गाळे. त्यातल्याच काही गाळ्यांत खाटा मांडल्या. नवं बांधायला पैसा नाही आणि वेळही नाही, पण छत उंच, हवा खेळती, वॉर्डला अजून काय पाहिजे. आत त्या जुन्या कमानी अजून दिसतात, आवर्जून बघा.

चर्च तसं साधं आहे. एकच लांब दालन, वर अर्धगोल छत, वेदीपुढे घुमट. काम पेद्रो सांचेस फाल्कोनेते या वास्तुकारानं सुरू केलं, १६७० च्या सुमारास पुरं झालं. बाहेरून पांढरी भिंत आणि त्यावर निळ्या-पांढऱ्या टाइल्सची पाच चित्रं: सेंट जॉर्ज, सेंट जेम्स आणि मधे श्रद्धा, आशा, दया.

आत गेल्यावर लगेच सोन्याकडे धावू नका. दाराजवळच समोरासमोर वाल्देस लेआल या सेव्हियातल्या चित्रकाराची दोन चित्रं आहेत, १६७२ च्या आसपासची. एकात सांगाडा काखेत शवपेटी घेऊन, एक पाय पृथ्वीच्या गोलावर ठेवून मेणबत्ती विझवतोय आणि खाली मुकुट, चिलखत, पुस्तकं सगळं नुसतं विखुरलंय. दुसऱ्यात उघड्या पेटीत बिशपचं सडलेलं प्रेत, त्यावर किडे, आणि शेजारी अजून एक प्रेत, ते कालात्रावा या धर्मयोद्ध्यांच्या पंथातल्या सरदाराच्या झग्यात. मान्यारा स्वतः त्याच पंथाचा सरदार होता! म्हणजे ज्यानं चित्र काढवून घेतलं त्यानं त्यात आपलाच झगा सडू दिला. वरून येशूचा खिळ्याच्या जखमेचा हात तराजू धरतो, एका पारड्यात पापं, दुसऱ्यात प्रार्थना आणि पश्चात्ताप, खाली लिहिलंय 'जास्त नाही' आणि 'कमी नाही'. हे चित्र नाक धरून बघावं लागतं असं त्याच काळातला सेव्हियाचा दुसरा मोठा चित्रकार मुरिय्यो म्हणाला होता अशी दंतकथा आहे.

म्हणजे दारातच सांगितलं की तू मरणार. मग पुढे काय करायचं? ते भिंतींवर. ख्रिस्ती धर्मात दयेची सात कामं मानतात. मुरिय्यो आणि वाल्देस लेआल दोघेही या संघाचे सभासद होते, आणि मुरिय्योनं त्यातली सहा काढली. तहानलेल्यांना पाणी म्हणजे खडकातून पाणी काढणारा मोझेस, भुकेल्यांना अन्न म्हणजे थोड्याशा पाव-माशांवर गर्दीला जेवू घालणारा येशू, हे दोन मोठे कॅनव्हास अजून मूळ जागी आहेत. बाकीचे चार १८१० मध्ये नेपोलियनचा सेनापती सूल्त उचलून घेऊन गेला. आज ते लंडन, वॉशिंग्टन, ओटावा आणि सेंट पीटर्सबर्गला आहेत, इथे त्यांच्या नकला लावल्यात. नकला चांगल्या आहेत तरी मला दर वेळी वाईट वाटतं, कारण एका वाक्यातले चार शब्द चार देशांत गेलेत.

सातवं काम मृतांना पुरणं, म्हणजे संघाचं सगळ्यात जुनं काम. ते चित्रात नाही, ते समोर मुख्य वेदीवर आहे! तुम्ही विचारलंत ते सोनं इथलंच. पिळाच्या खांबांचा तो सगळा मांडव बेर्नार्दो सिमोन दे पिनेदाचा, मूर्ती पेद्रो रोल्दानच्या, रंग आणि सोन्याचं काम परत वाल्देस लेआलचं, १६७० ते ७५. मधोमध माणसाएवढ्या मूर्ती येशूचा देह थडग्यात ठेवतायत, मागे उठावात टेकडी आणि क्रूस. चर्चमधली सगळ्यात झगमगीत जागा त्यांनी एका प्रेताला उचलणाऱ्या हातांना दिली. आदल्या दिवशी नदीतून फुगलेलं प्रेत काढून आलेला सभासद सकाळी इथे बसत असेल तेव्हा त्याला काय दिसत असेल, हा विचार करून बघा. मला तरी ते सोनं मग वायफळ वाटेना.

आता माझं सगळ्यात आवडतं. मुरिय्योची अजून दोन चित्रं आहेत, एकात रोग्यांची सेवा करणारा संत सेंट जॉन ऑफ गॉड रात्री रोग्याला पाठीवर घेऊन चाललाय आणि ओझ्यानं वाकलाय तेवढ्यात देवदूत आधार देतो. दुसऱ्यात हंगेरीची राजकन्या सेंट एलिझाबेथ चांदीच्या घंगाळ्यावर एका पोराचं खवडे झालेलं डोकं धुतेय. तिचा हात नीट बघा, मुकुट घातलेली बाई, आणि बोटं अगदी त्या खवड्यांवर. शेजारी दुसरं पोरगं तोंड वाकडं करून डोकं खाजवतंय, पुढे एक माणूस पायाच्या जखमेवरची पट्टी सोडवतोय. मी तिथे अर्धा तास उभी होते, कारण आजीच्या शेवटच्या दिवसांत आईला अगदी असं, भांडं खाली धरून, हलक्या हातानं धुताना बघितलंय.

मान्यारा १६७९ मध्ये गेला. मला दारात पुरा, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय पडू देत असं त्यानं सांगून ठेवलं होतं, आणि थडग्यावर लिहायला लावलं की जगातल्या सगळ्यात वाईट माणसाची हाडं इथे आहेत. नंतर त्याचा देह आत हलवला.

चर्चनंतर चौक बघा, मधल्या कमानींच्या ओळीनं त्याचे दोन भाग झालेत, दोन कारंजी आहेत आणि भिंतींवर हॉलंडच्या निळ्या टाइल्स, बायबलच्या गोष्टींच्या. मागच्या अंगणात मान्यारानं लावलेले म्हणून गुलाब दाखवतात. आणि एक, ही जागा अजून चालू आहे, गरीब म्हातारे पुरुष तिथे राहतात, चौकात एखादे आजोबा उन्हाला बसलेले दिसतील. कॅमेरा खाली ठेवा आणि 'बुएनास' (नमस्कार) म्हणा, ते उलट बोलतात.