जुन्या गाडीची ऑइल गळती: आधी मोजा, मग खर्च करा

मेकॅनिकने ‘इंजिन उतरवावं लागेल’ म्हटलं म्हणून लगेच घाबरू नकोस. आधी गळती किती आहे ते बघ. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाक. सकाळी दोन-चार थेंब दिसले तर जुन्या गाडीला तेवढं माफ असतं. डिपस्टिक (तेलाची पातळी मोजायची पट्टी) दर आठवड्याला तपास, इंजिन थंड असताना, सपाट जागेवर. बहुतेक गाड्यांत वरच्या नि खालच्या खुणेत साधारण 1 लिटरचं अंतर असतं. हजार किलोमीटरमध्ये तेवढं संपत असेल, तर मात्र दुर्लक्ष नको.

मग उगम शोध. तेल ओघळत खाली येतं, शिवाय वाऱ्याने मागे फेकलं जातं, म्हणून ओलं दिसतं तिथूनच गळतं असं नाही. इंजिन धुऊन घे, थोडी चालव, मग टॉर्च मारून वरून खाली बघ. मी एकदा चेंबरचं, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या टाकीचं, पॅकिंग बदलून बसलो. गळत होतं टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं! ते काम स्वस्तातलं, बिनधास्त करून घे. क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) मागच्या सीलला मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो, सगळा खर्च मजुरीचा. क्लच बदलायचाच असेल तेव्हा सोबत उरकून घे, तोवर टॉप-अप करत राहा.

पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या आतला वायू बाहेर काढणारी झडप, तुंबलाय का तेही बघ. आत दाब वाढला की नवं सीलही गळतं.

तेल गरम एक्झॉस्टवर किंवा टायमिंग बेल्टवर पडत असेल, तर हिशेब करत बसू नकोस, लगेच दुरुस्त कर.