पावसाळ्यात लाकडी दार चौकटीत अडकतं. सुताराला न बोलावता काय करता येईल?

जुलैत रंधा मारू नका, हे आधी सांगतो. मुंबईच्या पावसाळी हवेत लाकूड ओलावा शोषून रुंदीत फुगतं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तेच दार आक्रसतं आणि तासलेल्या जागी फट राहते. डासांची सोय!

पहिल्यांदा बिजागऱ्या बघा. बरेचदा वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन दार झुकलेलं असतं आणि आपण उगाच पावसाला दोष देतो. स्क्रू नुसताच फिरत असेल तर तो काढा. काड्यापेटीतल्या दोन-तीन काड्यांचं गूल तोडून त्यांना फेव्हिकॉल लावा, भोकात ठोका, रात्रभर सुकू द्या आणि तोच स्क्रू पुन्हा पिळा. सुतारही हेच करतो, फक्त पैसे घेऊन.

बिजागऱ्या घट्ट असतील तर दाराच्या कडेला खडू फासून दार लावा. चौकटीवर खडू उमटेल तिथेच ते घासतंय. तेवढ्याच जागी हलका काचपेपर मारा, मग मेणबत्ती घासा. तेल नको, त्यावर धूळ बसते आणि पुढे रंगही धरत नाही.

खरा इलाज मे महिन्यातला. दाराची वरची-खालची कड चाचपून बघा. दिसत नाही म्हणून तिथे रंग बहुधा दिलेलाच नसतो आणि ओलावा तिथूनच शिरतो. प्राइमर आणि ऑइलपेंटचे दोन हात द्या. खालच्या कडेसाठी दार उतरवावं लागेल, ते एकट्याने करू नका.

बाथरूमचं दार असेल तर एवढी खटपट करू नका, सरळ पीव्हीसीचं बसवा.