आर्किटेक्चर सोडून ‘आवाज’?

प्रश्न : मुलगा आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षं स्पॅनिश शिकतोय. आता म्हणतो, कॉलेज सोडून स्पॅनिश चित्रपटांत निवेदन आणि अभिनय करणार. स्पॅनिश नट फर्नांदो रे यांनीही आर्किटेक्चर सोडलं होतं म्हणे. काय करावं?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, उदाहरण चांगलं आहे, पण मुलाने अर्धंच सांगितलंय. रे (1917–1994) यांनी शिक्षण सोडलं नाही, ते सुटलं. 1936 मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं. वडील प्रजासत्ताकाच्या बाजूचे लष्करी अधिकारी, आणि तीच बाजू हरली. मग मिळेल ते काम : गर्दीतला एक्स्ट्रा, पुढे डबिंग. स्पेनमध्ये लॉरेन्स ऑलिव्हिए यांचा हॅम्लेट रे यांच्या आवाजात बोलला. दिग्दर्शक बर्लांगा यांच्या ‘ब्येनवेनीदो, मिस्टर मार्शल’मध्ये (1953) गावाची गोष्ट सांगणारा मिश्कील आवाज त्यांचाच. स्वतः पडद्यावर कुठेच नाहीत! दिग्दर्शक ब्युन्युएल यांचा, रे यांची भूमिका असलेला ‘विरिदियाना’ आला 1961 मध्ये, तेव्हा रे चाळिशी ओलांडलेले. ‘द फ्रेंच कनेक्शन’ (1971) तर घोळातून मिळाला; दिग्दर्शकाला दुसराच स्पॅनिश नट हवा होता. कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार 1977 चा, साठी जवळ आल्यावरचा.

त्याच वर्षी ब्युन्युएल यांचा शेवटचा चित्रपट आला. त्याच्या फ्रेंच आवृत्तीत चेहरा रे यांचा, आवाज मात्र फ्रेंच नट मिशेल पिकोली यांचा. एवढा कसलेला आवाज, पण परक्या भाषेत बाजूला ठेवला गेला. चिरंजीवांना हे जरूर ऐकवा.

स्पॅनिश निवेदन त्या भाषेत वाढलेल्यांकडेच जातं. त्यातही स्पेनसाठी वेगळं डबिंग, लॅटिन अमेरिकेसाठी वेगळं. तिथे दोन वर्षांच्या स्पॅनिशवर दार उघडणं कठीण. मात्र डेले या स्पॅनिशच्या परीक्षेची बी-टू, मग सी-वन पातळी गाठली तर भाषांतर आणि सबटायटलचं काम मिळू शकतं. आवाजाचं भांडवल त्याच्याकडे मराठीतलं आहे : ऑडिओबुक, माहितीपट, डबिंग. अभिनयासाठी कॉलेजच्या एकांकिका आहेतच. तालमींपायी सबमिशन रखडतील, तेवढं सोसा. तीन वर्षं राहिली आहेत, पदवी पुरी होऊ द्या.

आणि त्याच्या मराठी वाचनाचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग मला पाठवा. मागे संगीत नको.