सहा महिन्यांच्या बाळासाठी पाळणाघर निवडताना काय बघावं?

रजा 26 आठवड्यांची, त्यामुळे हा प्रश्न बहुतेक आयांना याच वयात पडतो. भिंतीवरची चित्रं आणि खेळणी सोडा. दुपारी दीडच्या सुमारास न सांगता जाऊन या. बाळं उताणी झोपवली आहेत का, पाळण्यात उशा-दुलया कोंबल्यात का, एका मावशीकडे किती तान्ही आहेत, सगळं दिसतं. तिनाहून जास्त असतील तर मी तरी ठेवणार नाही. आमच्या पहिल्या पाळणाघरात एकाच ओल्या फडक्याने तिघांची तोंडं पुसताना पाहिलं, दुसऱ्या दिवशी लेकीचं नाव काढलं.

अंगावरचं दूध काढून देणार असाल तर बाटलीवर नाव, तारीख, वेळ लिहा. फ्रीजमध्ये ते 4 दिवस टिकतं. बाहेर 4 तास, आपल्या उन्हाळ्यात त्याहून कमीच धरा. बाटली कोमट पाण्यात ठेवायची, मायक्रोवेव्हमध्ये नाही. उष्टं दूध 2 तासांनी ओतून टाकायचं, पण मावशींच्या ते जिवावर येतं. म्हणून 60-60 मिलीच्या छोट्या बाटल्या भरा.

आणि हो, ऑफिसात 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय देणं कायद्याने बंधनकारक आहे, दिवसातून 4 वेळा बाळाकडे जाताही येतं. एचआरला लेखी विचारा, आपणहून कुणी सांगत नाही.