बटर चिकन: ग्रेव्ही फाटते, तुकडे चामट होतात, रंग येत नाही

बटर चिकनबद्दलच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच दिसतं. ग्रेव्ही मनासारखी मुलायम झाली नाही की क्रीम वाढवलं जातं. खरं तर मुलायमपणा पूर्ण शिजलेल्या टोमॅटोतून, काजूतून आणि नीट गाळण्यातून येतो. क्रीम अगदी शेवटी आणि थोडं. खालच्या उत्तरांत चौघांसाठीचं हे प्रमाण धरलं आहे: ७०० ग्रॅम बोनलेस चिकन, ७५० ग्रॅम टोमॅटो, ३० काजू (साधारण ४० ग्रॅम), ६० ग्रॅम बटर, ८० मिली क्रीम, ४ वेलदोडे, ३ लवंगा, इंचभर दालचिनी, इंचभर आलं, ७-८ लसूण पाकळ्या, ४ बिया काढलेल्या काश्मिरी मिरच्या आणि १ मोठा चमचा कसुरी मेथी.

प्रश्न: क्रीम घातल्यावर दोन मिनिटांत ग्रेव्हीत बारीक कण दिसायला लागतात. कधी वर तेलही तरंगतं. क्रीम खराब असतं का? (नाशिक)

क्रीम बहुतेक वेळा चांगलंच असतं. तुम्ही सांगताय ते दोन वेगळे बिघाड आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. आधी कोणता झालाय ते ओळखा. चमचा ग्रेव्हीत बुडवून त्याची पाठ उजेडात धरा. पांढरट रवाळ कण चिकटलेले दिसले तर ग्रेव्ही फाटली आहे. चमच्यावरचा थर गुळगुळीत आहे, पण कडेनं लालसर तूप ओघळतंय, तर फक्त स्निग्धांश सुटला आहे.

फाटण्याचं कारण आंबटपणा आणि उष्णता एकत्र येणं. टोमॅटो आंबट असतो. खळखळ उकळत्या ग्रेव्हीत क्रीम पडलं की त्यातली प्रथिनं गोळा होतात, पनीर करताना होतात तशीच. भारतात पाकिटात मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्केच स्निग्धांश असतो. ते परदेशातल्या ३५ टक्क्यांपुढच्या क्रीमपेक्षा लवकर फाटतं. म्हणून क्रीम आधी अर्धा तास फ्रीजबाहेर ठेवा. गॅस बंद करा, उकळी पूर्ण बसू द्या. वाटीत क्रीम घेऊन त्यात दोन-तीन डाव गरम ग्रेव्ही हळूहळू मिसळा आणि मगच ते पातेल्यात ओता. त्यानंतर पुन्हा उकळी आणायची नाही.

घरची साय वापरत असाल तर एक गोष्ट तपासा. लोण्यासाठी आठ-दहा दिवस साठवलेल्या सायीला विरजण लागलेलं असतं. ती साय इथे चालत नाही, फाटणारच. एक-दोन दिवसांची ताजी साय दोन चमचे दुधात गाठी मोडेपर्यंत घोटून घ्या.

फाटलेली ग्रेव्ही बरीचशी वाचवता येते. कोमट होऊ द्या, तुकडे बाजूला काढा, ८-१० भिजवलेल्या काजूंच्या पेस्टबरोबर मिक्सरमधून फिरवा आणि गाळा. नुसतंच तूप सुटलं असेल तर त्याहून सोपं: ग्रेव्हीत पाणी कमी पडलंय. दोन-तीन मोठे चमचे कढत पाणी घालून जोरात फेटा, पुन्हा एकजीव होईल. आपल्याला रश्श्यावर तर्री आवडते, पण या पदार्थात ती चूक समजायची.

प्रश्न: चिकन दरवेळी चोथट, चामट होतं. ब्रेस्ट पीस आणतो, रात्रभर मुरवतो, ग्रेव्हीत वीस मिनिटं शिजवतो. (पिंपरी)

यात तीन गोष्टी बदलाव्या लागतील: मांसाचा भाग, मुरवण्याची वेळ आणि शिजवण्याची जागा.

ब्रेस्टमध्ये चरबी फार कमी. ते ७४ अंश सेल्सिअसला शिजतं आणि त्याच्या थोडं पुढे गेलं की कोरडं पडायला लागतं. लेग बोनलेस मागा. त्यात चरबी आणि चिवट जोडतंतू असतात, ते ८० अंशांच्या पुढे विरघळतात आणि तुकडा आणखी मऊ होतो. पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तरी लेग सांभाळून घेतं. तुकडे दीड इंची ठेवा, ग्रेव्हीत पुन्हा थोडे आकसतात. कोंबडी समोर कापून आणली असेल तर लगेच शिजवू नका. कापल्यानंतर काही तास मांस ताठरलेलं असतं. पाच-सहा तास फ्रीजमध्ये राहिली की सैल पडते. गावरान कोंबडी या पदार्थासाठी आणूच नये, तिला रस्साच न्याय देतो.

मुरवणं दोन टप्प्यांत करा. आधी १ छोटा चमचा मीठ, १ मोठा चमचा लिंबाचा रस, दीड मोठा चमचा आलं-लसूण वाटण आणि २ छोटे चमचे काश्मिरी मिरचीपूड चोळून अर्धा तास ठेवा. मग तुकड्यांना सुटलेलं पाणी ओतून टाका. हे पाणी राहिलं तर दुसरा लेप धरत नाही आणि भाजताना तुकडे उकडतात. दुसऱ्या टप्प्यात १०० ग्रॅम चक्का, १ मोठा चमचा मोहरीचं तेल, अर्धा छोटा चमचा गरम मसाला आणि चिमूटभर कसुरी मेथी. दही नको, चक्काच हवा. श्रीखंडासाठी बांधतो तसा, साधारण २०० ग्रॅम दही चार तास टांगून. हा लेप लावून ४ ते ६ तास पुरे. रात्रभर ठेवलं तर लिंबू आणि दह्याच्या आंबटपणानं पृष्ठभाग पिठूळ होतो. तुम्हाला चोथट वाटतं ते बहुधा हेच.

आता शिजवणं. फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या मंडळींनी दिल्लीत दर्यागंजला ‘मोती महल’ चालवलं आणि तिथून हा पदार्थ देशभर गेला. तंदुरी कोंबडी सुकू नये म्हणून ती टोमॅटो-लोण्याच्या ग्रेव्हीत घालायची, अशी त्याची घडण. म्हणजे तुकडा आधी भाजून तयार असतो, ग्रेव्हीत फक्त चार-पाच मिनिटं मुरतो. वीस मिनिटं शिजवायचा नाहीच. ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) असेल तर वरखालचे दोन्ही रॉड लावून २३० अंशांवर पंधरा मिनिटं तापवा. तुकडे जाळीवर, वरच्या खणात, खाली ताट. १४ ते १६ मिनिटं, मध्ये एकदा बटर लावा. कडा जागोजागी काळपट व्हायला हव्यात, चव त्यातच आहे.

ओटीजी नसेल तर बिडाचा तवा उत्तम. लेप बोटानं थोडा निपटून घ्या, तवा चांगला तापू द्या आणि एका वेळी सात-आठच तुकडे टाका. गर्दी केली की पाणी सुटतं आणि सगळं फिकट पांढरं राहतं. तीन मिनिटं हात लावू नका. तुकडा भाजला की तो आपोआप तव्यापासून सुटतो. ओढावा लागतोय तोवर उलटायची वेळ झालेली नाही.

प्रश्न: हॉटेलसारखा केशरी-लाल रंग येत नाही. तिखट वाढवलं तर खाववत नाही. खायचा रंग घालायचा नाही. (डोंबिवली)

रंग घालायची गरज नाही. काश्मिरी मिरचीचा लाल रंग पाण्यात फारसा उतरत नाही, स्निग्ध पदार्थात उतरतो. म्हणून पूड ग्रेव्हीवर भुरभुरली की गुलाबीच राहते. ग्रेव्ही परतायच्या आधी २५ ग्रॅम बटर मंद आचेवर वितळवा, गॅस बंद करा, त्यात दीड छोटा चमचा काश्मिरी मिरचीपूड घालून पंधरा सेकंद हलवा आणि ताबडतोब गाळलेली ग्रेव्ही ओता. पूड करपून तपकिरी झाली तर टाकून द्या. ती कडू चव पुढे झाकली जात नाही. बटरमध्ये तेल घातलं की बटर करपत नाही असा समज आहे, तो खरा नाही. बटरमधले दुधाचे कण करपायचे ते करपतातच. आच कमी ठेवणं एवढाच उपाय.

बाकी रंग बिया काढलेल्या सुक्या मिरच्यांतून येतो. हळद अजिबात घालू नका, ग्रेव्ही पिवळट होते. आणि क्रीम जास्त झालं तर कितीही चांगली मिरची असली तरी रंग फिकाच पडणार.

प्रश्न: ग्रेव्हीला कच्च्या टोमॅटोचा वास आणि आंबटपणा राहतो. साखर घातली की मिठाईसारखी लागते. कांदा घालून बघू का? (इंदूर)

कांदा नको. दिल्लीच्या पद्धतीत तो नसतो, आणि घातला की चव नेहमीच्या चिकन मसाल्याकडे झुकते. तुमची अडचण टोमॅटो कमी शिजण्याची आहे.

गोल, पातळ सालीचे गावठी टोमॅटो रश्श्याला छान, पण आंबट आणि पाणचट. इथे लांबट, गर जास्त असलेले, पूर्ण लाल टोमॅटो घ्या. पावसाळ्यात फिकट टोमॅटोच मिळाले तर दोन चमचे टोमॅटो प्युरीची जोड द्या. टोमॅटो चिरून काजू, आलं, लसूण, मिरच्या, अख्खा मसाला, १५ ग्रॅम बटर, थोडं मीठ आणि कपभर पाण्यासह झाकण ठेवून २० ते २५ मिनिटं शिजवा. काजू बोटानं दाबला की लोण्यासारखा पसरला पाहिजे. दालचिनी काढून टाका, गार करा, मगच वाटा. गरम वाटलं तर मिक्सरचं झाकण उडतं.

मग गाळणं, आणि इथे आळस करू नका. पुरणयंत्राची जाळी यासाठी मोठी पडते. बारीक जाळीची स्टीलची चाळणी घ्या आणि डावाच्या पाठीनं दाबत गाळा. चाळणीत राहील ती साल आणि बिया. साल दाताखाली येते, बिया ग्रेव्ही रवाळ करतात. गाळलेलं मिश्रण मिरचीच्या बटरमध्ये मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं ढवळत परता. काजूमुळे ते तळाशी लागतं, म्हणून जाड बुडाचं पातेलं आणि सपाट उलथनं. सुरुवातीला बुडबुडे पाणीदार, भराभर फुटणारे असतात. पुढे ते जड, सावकाश फुटणारे होतात, ग्रेव्हीला चकाकी येते आणि वास गोडसर होतो. कच्चेपणा गेला, तो इथे. आता चाखा. १ छोटा चमचा साखर किंवा मध बहुतेक वेळा पुरतो. तरीही आंबट वाटलं तर साखरेऐवजी राहिलेलं बटर घाला, आंबटपणा बोथट होतो. बाजारच्या बटरमध्ये मीठ असतंच, तेव्हा शेवटचं मीठ बटरनंतर.

कसुरी मेथी कोरड्या तव्यावर काही सेकंद गरम करून तळहातावर चुरडा आणि क्रीमबरोबर घाला. आधी घातली तर कडवट उतरते.

प्रश्न: मुलाला काजूची ॲलर्जी आहे. खसखस वापरू का? (दुबई)

खसखशीवर यूएईत बंदी आहे, भारतातून येताना बॅगेतही आणू नका. मगज वापरा, म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया. ४० ग्रॅम मगज तासभर गरम पाण्यात भिजवून टोमॅटोबरोबर शिजवा. ग्रेव्ही काजूइतकी गोड होत नाही, पण पांढरा मऊपणा तोच येतो. पाकिटावर सुक्या मेव्याबरोबर एकाच यंत्रावर भरल्याची सूचना आहे का ते नीट वाचा. तुमच्याकडे मिळणारं ३५ टक्क्यांचं क्रीम ६० मिली पुरे.

प्रश्न: कोळशाची धुरी दिली तर ग्रेव्ही कडू झाली. (कोल्हापूर)

वेळ जास्त झाली. साधा लाकडी कोळसा घ्या, झटकन पेटणारा रसायनं लावलेला नको. लालबुंद निखारा वाटीत ठेवून ग्रेव्हीवर तरंगवा, अर्धा छोटा चमचा तूप सोडा आणि दोन मिनिटं झाकण. तीन मिनिटांपुढे धूर कडवट होतो. ओटीजीत कडा काळ्या झाल्या असतील तर धुरीची गरजही नाही. खिडकी उघडी ठेवा, निखारा लगेच पाण्यात विझवा. बंद स्वयंपाकघरात कोळशाचा धूर घातक असतो.

प्रश्न: २५ माणसांसाठी करायचं आहे. सगळं सहापट घेऊ का? आदल्या दिवशी किती करून ठेवता येईल? (नागपूर)

चिकन साडेचार किलो, टोमॅटो साडेचार किलो, काजू २५० ग्रॅम. अख्खा मसाला मात्र चौपटच, बटर ३०० ग्रॅम. मोठ्या पातेल्यात पाणी त्या मानानं कमी उडतं, म्हणून शिजवताना पाणी दोन कपांपेक्षा जास्त नको आणि परतायला पाऊण ते एक तास धरा. ग्रेव्ही क्रीम आणि मेथीशिवाय आदल्या दिवशी पूर्ण करा. दोन-तीन पसरट भांड्यांत वाटून गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. खोल पातेल्यात ती मध्ये रात्रभर कोमट राहते आणि आंबते. चिकनला लेप मात्र त्याच दिवशी सकाळी लावून फ्रीजमध्ये ठेवा, ४ ते ६ तासांनी चार-पाच हप्त्यांत भाजा. ग्रेव्ही रात्रीतून घट्ट होईल. गरम पाण्यानं सैल करून एक उकळी आणा, तुकडे पाच मिनिटं सोडा, गॅस बंद करा, मग क्रीम. जेवण लांबलं तर क्रीम घातलेलं पातेलं गॅसवर न ठेवता गरम पाण्याच्या परातीत ठेवा.

प्रश्न: क्रीमऐवजी नारळाचं दूध चालेल का? (रत्नागिरी)

चालेल, पण बटर चिकन होणार नाही. नारळाच्या दुधाला टोमॅटो निम्मा, कसुरी मेथीऐवजी कोथिंबीर आणि आंबटपणाला दोन आमसुलं घेतलीत तर छान चिकन होईल. जाड दूध शेवटीच घाला, खळखळ उकळलं तर तेही फुटतं.